पत्त्यावरचा मजकूर

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पनवेलमध्ये मे महिन्याच्या दुपारी दोन ते पाच या वेळात कोणतेही गंभीर काम होत नाही, हा माझा जन्मभराचा अनुभव आहे. तरीही पुढच्या सत्राच्या प्रश्नपेढीचे कागद पुढ्यात घेऊन मी बसले होते. आतल्या खोलीत माझा तेरा वर्षांचा मुलगा आणि आमच्या इमारतीत नव्यानेच राहायला आलेला त्याचा मित्र पत्ते खेळत होते. थोड्या वेळाने आवाज चढले आणि दोघेही माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मुलाच्या हातात एक पत्ता होता.

"आई, तू मराठीची प्रोफेसर आहेस ना? मग 'किंवा'चा अर्थ सांग."

अठरा वर्षांच्या अध्यापनात ध्वनीचा अर्थ, औचित्याचा अर्थ, अस्तित्ववादाचा अर्थ विद्यार्थ्यांनी अनेकदा विचारला आहे. 'किंवा'चा अर्थ मात्र मला कोणी विचारला नव्हता.

पत्ते म्हणजे आपले बावन्न पानांचे नव्हेत. 'मॅजिक: द गॅदरिंग' नावाचा हा खेळ. माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या दिवसांपासून तो खेळतो. दिवाळीत आला तेव्हा भाच्यासाठी पत्त्यांनी भरलेला एक खोका ठेवून गेला. या खेळात प्रत्येक पत्त्यावर एक चित्र असते आणि चित्राखाली दोन-चार ओळींचा मजकूर. तो मजकूर म्हणजेच त्या पत्त्याचा पराक्रम. माझ्यापुढे धरलेल्या पत्त्याचे नाव होते 'पॅसिफिझम', म्हणजे शांततावाद. प्रतिस्पर्ध्याच्या एखाद्या प्राण्यावर हा पत्ता ठेवला की त्या प्राण्याला 'अटॅक किंवा ब्लॉक' करता येत नाही, असा मजकूर त्यावर इंग्रजीत होता. मुलाने तो मित्राच्या प्राण्यावर ठेवला होता आणि मित्राचे म्हणणे असे :

"काकू, 'अटॅक किंवा ब्लॉक करू शकत नाही' असं लिहिलंय. म्हणजे दोनांपैकी एक करू शकत नाही. ठीक आहे, मी अटॅक करत नाही. पण ब्लॉक करणार. दोन्ही बंद करायचं असतं तर 'आणि' लिहिलं असतं."

मी ताबडतोब निकाल दिला. 'तो चहा किंवा कॉफी घेत नाही' या वाक्याचा अर्थ तो दोन्ही घेत नाही असाच होतो. नकाराच्या सोबतीला आलेला 'किंवा' दोन्ही पर्याय मोडीत काढतो. सबब, ब्लॉकही करता येणार नाही. मुलगा विजयी मुद्रेने वळला. मित्र मात्र जागचा हलला नाही.

"पण काकू, माझे बाबा नाशिकला असतात. ते फोनवर म्हणतात, 'मी शनिवारी किंवा रविवारी येऊ शकणार नाही, बघू.' तेव्हा ते एका दिवशी येतातच."

मी निरुत्तर झाले. मुलाचे वाक्य अस्सल मराठी होते आणि त्याचा अर्थही त्याने अचूक लावला होता. नकारासोबतचा 'किंवा' मराठीत दोन्ही दारे बंद करतो हे खरे; पण कधी कधी दोनांपैकी कोणते दार बंद आहे हे अजून ठरायचे आहे, असेही तो सांगतो. 'हल्लाही करू शकत नाही आणि बचावही' असे म्हटले असते तर वाद उरला नसता. मी तसे बोलून दाखवले. "मग तसं लिहायला हवं होतं," असे म्हणून तो आत गेला. माझा निकाल त्याने मानला होता, पण तो त्याला पटलेला नव्हता.

खेळाच्या दृष्टीने माझा निकाल बरोबर होता, हे नंतर भावाला फोन केल्यावर कळले. "ताई, हे सगळ्यांनाच माहीत असतं गं," तो म्हणाला. त्याच्या या 'सगळ्यांनाच'ने मला त्या दिवसापासून छळले आहे. त्या छळातूनच हा लेख लिहिते आहे.

आपल्या पत्त्यांवर मजकूर नसतो, ही गोष्ट या निमित्ताने पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आली. इस्पिकच्या राणीवर ती काय करू शकते हे लिहिलेले नसते. झब्बू, बदाम सात, मेंढीकोट, पाच-तीन-दोन या सर्व खेळांचे नियम माणसांच्या तोंडी असतात आणि ते घरागणिक बदलतात. लाइन आळीतल्या आमच्या जुन्या घरी सुट्टीत दहा-बारा भावंडे जमत. पहिल्या डावाआधी निम्मा तास नियम ठरवण्यातच जाई. "आमच्याकडे असं खेळतात" हे वाक्य प्रत्येक आतेभावाकडे तयार असे. शेवटी ज्याच्या घरी खेळ, त्याचे नियम. त्या वादात एक प्रामाणिकपणा होता. नियम पत्त्यावर छापलेला आहे असे कोणी म्हणू शकत नव्हते. नियम आमचाच आहे, तो आम्हीच ठरवतो आहोत, हे सर्वांना ठाऊक होते.

याचे आणखी जुने आणि देखणे उदाहरण म्हणजे सावंतवाडीची गंजिफा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा ठिपक्यांची पाने. म्हणजे एकूण १२० गोल पत्ते. त्यांवर एक अक्षरही नाही. तरी नियम असा, की पाच रंगांत मोठ्या आकड्याचे पान लहानाला जिंकते आणि उरलेल्या पाच रंगांत उलटे, एक्का दहापेक्षा भारी. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याने सुरुवात करायची. रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाने. मग तिन्हीसांजेला मांडलेल्या डावाचे काय, असा प्रश्न माझ्यासारख्या मास्तरणीला पडतोच. पण त्याचे उत्तर पत्त्यावर शोधण्याचा प्रश्न येत नाही. ते घरातल्या थोरांना विचारायचे असते.

माझ्या पिढीच्या हाती छापील शब्द असलेले पत्ते आले ते १९९०च्या दशकात, ट्रम्प कार्ड्सच्या रूपाने. कुस्तीगिरांची आणि क्रिकेटपटूंची ती कार्डे चाळिशीतल्या वाचकांना आठवत असतील. कार्डावर उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढल्या, किती जिंकल्या असे आकडे असत. आपण एक रकाना पुकारायचा. ज्याचा आकडा मोठा तो दुसऱ्याचे कार्ड घेणार. यात 'रँक' नावाचा एक रकाना होता. पहिल्या क्रमांकाचे कार्ड माझ्याकडे आणि चौदाव्याचे भावाकडे. मी 'रँक' पुकारले. तो म्हणाला, "चौदा मोठा." मी म्हणाले, "पहिला नंबर मोठा." दोघेही 'मोठा' हाच शब्द वापरत होतो आणि दोघांच्याही दृष्टीने आपलाच अर्थ सरळ होता.

आकड्यांची दिशा कार्डावर छापलेली नव्हती. क्रिकेटच्या कार्डांवर तर आणखी पंचाईत. फलंदाजाची सरासरी जास्त ती चांगली आणि गोलंदाजाची कमी ती चांगली, हे ज्याला क्रिकेट कळते त्यालाच माहीत. मला ते कळत नव्हते तोवर भावाने माझी कितीतरी कार्डे जिंकली. पुढे मला कळू लागले तेव्हा मीही तेच केले. वाड्यात नव्याने आलेल्या एका मुलीची अर्धी कार्डे मी 'बोलिंग अ‍ॅव्हरेज' पुकारून घेतली आणि तिने विरोध केला तेव्हा म्हणाले, "हे सगळ्यांनाच माहीत असतं."

असो. 'मॅजिक'कडे वळते. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या अभ्यासकाने हा खेळ बाजारात आणला. आज त्याचे वीस हजारांहून अधिक निरनिराळे पत्ते आहेत. वीस हजार छोट्या संहिता आणि त्यांतील कोणतीही कोणत्याही दुसरीशी केव्हा भिडेल याचा नेम नाही, अशी कल्पना करा. खेळ तयार होत असतानाच गारफील्ड यांच्यापुढे अर्थनिर्णयाचा प्रश्न उभा राहिला. चाचणीच्या काळातल्या एका पत्त्यावर मजकूर होता, तो मराठीत सांगायचा तर 'प्रतिस्पर्धी पुढची पाळी गमावतो' असा. पण इंग्रजीत 'गमावणे' आणि 'हरणे' या दोन्हींना एकच क्रियापद आहे. तेव्हा एका खेळाडूने त्या वाक्याचा अर्थ 'प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीत हरतो' असा लावला. एका पाळीच्या फायद्याचा पत्ता त्याच्या हाती अख्खा खेळ जिंकणारा ठरला. छापताना मजकूर बदलला आणि 'या पाळीनंतर तुम्ही आणखी एक पाळी घ्या' अशा अर्थाचा केला. 'टाइम वॉक' या नावाने तो पत्ता पुढे प्रसिद्ध झाला.

मराठीत हा घोटाळा झाला नसता, असे वाटून मला क्षणभर अभिमान वाटला. तो फार टिकला नाही. मुले खेळताना मराठीत बोलतात. म्हणून मी गंमत म्हणून काही पत्त्यांचा मराठी अनुवाद करून पाहिला आणि दुसऱ्याच पत्त्यावर अडले. 'एक पत्ता काढा' आणि 'हवे असल्यास एक पत्ता काढा' यांत खेळाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे : पहिली आज्ञा, दुसरी मुभा. छापील मराठीला शोभेल म्हणून मी 'खेळाडूने एक पत्ता काढावा' असे लिहिले आणि थांबले. हा आपला विध्यर्थ. 'विद्यार्थ्यांनी दहा वाजता उपस्थित राहावे' ही आज्ञा आहे. 'पावसाळ्यात एकदा तरी कर्नाळ्याला जावे' ही सूचना आहे. 'त्याने काय वाटेल ते करावे' ही मुभा, क्वचित वैतागही. एकाच प्रत्ययात आज्ञा, सल्ला, परवानगी आणि इच्छा नांदतात. सहसा संदर्भ आणि आवाज त्यांची वाटणी करून देतात. पण पत्त्याला आवाज नसतो. 'शकणे'ची तीच गत. 'तो अडवू शकतो' म्हणजे त्याच्यात तेवढे बळ आहे, की त्याला परवानगी आहे?

ज्या भाषेतून आपण विचार करतो तिच्यातील संदिग्धता आपल्याला दिसत नाही. दुसऱ्या भाषेतली लगेच दिसते. चष्म्यावरचा डाग लावणाऱ्याआधी समोरच्याला दिसतो, तसे काहीसे.

मग या खेळाने वीस हजार संहितांचा संसार कसा चालवला? भावाने सांगितले आणि मी थोडे वाचले, त्यातून तीन गोष्टी समजल्या. पहिली : नियमपुस्तक आणि पत्ता यांत विरोध आला तर पत्ता श्रेष्ठ. दुसरी : एक पत्ता 'करता येते' म्हणत असेल आणि दुसरा 'करता येत नाही' म्हणत असेल तर नकार श्रेष्ठ. ही वाचताना मला एम.ए.च्या वर्गातील संस्कृत व्याकरणाची ओझरती ओळख आठवली. सामान्य नियम म्हणजे उत्सर्ग, विशेष नियम म्हणजे अपवाद आणि अपवाद उत्सर्गाला बाधित करतो. पाणिनीची सारी अष्टाध्यायी या तत्त्वावर उभी आहे.

मीमांसकांनी तर अशा वादांत आयुष्ये घालवली. यज्ञात सोमरसाचे पात्र, त्याला 'ग्रह' म्हणतात, ते पुसावे असे एकवचनी विधान आहे. मग पात्रे अनेक असताना एकच पुसायचे का? मीमांसकांचे उत्तर : नाही, सर्व पुसायची, तेथील एकवचन विवक्षित नाही. दुसरीकडे कपिंजल पक्ष्यांची आहुती द्यावी असे बहुवचनी विधान आहे. किती पक्षी? संस्कृतात द्विवचन वेगळे असल्याने बहुवचन तीनपासून सुरू होते. तीन पक्ष्यांत बहुवचन सार्थ होते, तेव्हा तीनच. चौथ्याचा जीव घेण्याचे कारण नाही. एका ठिकाणी शब्दाची संख्या बाजूला ठेवली, दुसऱ्या ठिकाणी ती काटेकोर मानली आणि दोन्ही वेळा कारण सांगितले. कोकणचे सुपुत्र भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात मीमांसेच्या या अर्थनिर्णयाच्या नियमांचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. यज्ञ मागे पडले तरी वारसा, दत्तक, दान यांचे वाद याच नियमांनी सोडवले गेले. शब्दाचा अर्थ लावण्यावर कोणाचे तरी घर अवलंबून होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'मॅजिक'मध्ये छापलेला पत्ता हा अंतिम शब्द नसतो. प्रत्येक पत्त्याचा एक अधिकृत, सुधारलेला पाठ प्रकाशक ठेवतात आणि वाद झाला तर तोच ग्राह्य धरतात. तुमच्या हातातल्या जुन्या पत्त्यावर काहीही छापलेले असो. शब्दरचनेतून भलताच अर्थ निघतो असे दिसले की ते मजकूर दुरुस्त करतात. 'केऑस ऑर्ब' नावाचा जुना पत्ता एक फूट उंचीवरून टेबलावर टाकायचा असे आणि तो ज्या पत्त्यांना स्पर्श करील ते नष्ट. एका खेळाडूने आपला पत्ता फाडून त्याचे तुकडे प्रतिस्पर्ध्याच्या सर्व पत्त्यांवर उधळले, अशी आख्यायिका या खेळात सांगतात. फाडू नये असे पत्त्यावर लिहिले नव्हते! पुढे १९९८ मध्ये प्रकाशकांनीच या आख्यायिकेवर एक विनोदी पत्ता काढला.

'यू-गी-ओ' या जपानी पत्त्यांच्या खेळात 'जेव्हा' आणि 'जर' या दोन शब्दांच्या फरकाने एखाद्या पत्त्याची संधी हुकते की टिकते हे ठरते. तेथे २०११ पासून इंग्रजी मजकुराची सारी घडणच नव्याने बांधली. अपूर्णविरामाच्या आधी येते ती अट; अर्धविरामाच्या आधी येते ते पत्ता खेळताना आधी करायचे काम; त्यानंतर परिणाम. विरामचिन्हांना इतकी प्रतिष्ठा आमच्या विद्यार्थ्यांनी दिलेली मी पाहिलेली नाही. आम्हा प्राध्यापकांनीही नाही.

सांगायचा मुद्दा असा, की या खेळांत संदिग्ध मजकुराचा दोष वाचणाऱ्याच्या माथी मारला जात नाही. लिहिणारा तो स्वतःकडे घेतो आणि वाक्य बदलतो. करारांच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे : विम्याच्या पॉलिसीतले कलम दोन अर्थांचे निघाले, तर ज्याने मसुदा लिहिला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ न्यायालये स्वीकारतात. ज्याच्या हाती लेखणी होती त्याला स्पष्ट लिहिण्याची संधी होती, एवढे साधे त्यामागचे न्यायतत्त्व.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले ते सांगते.

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या अंतर्गत परीक्षेत मी एका कथेवर आठ गुणांचा प्रश्न विचारला होता. 'कथेतील सासू व सून यांच्या स्वभावाची दोन वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा.' माझ्या मनात होते, सासूची दोन आणि सुनेची दोन. बहुतेक सर्वांनी तसेच लिहिले. एका मुलीने मात्र दोनच वैशिष्ट्ये लिहिली. दोघींनाही लागू पडणारी. दोघीही मानी आहेत आणि दोघीही आपले दुःख दुसरीपुढे उघड करत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. या दोन गोष्टींमुळेच त्या घरात भांडण टिकून राहते, हे तिने कथेतील प्रसंग देऊन दाखवले होते. मी तिला आठपैकी तीन गुण दिले. शेरा लिहिला : 'उत्तर अपूर्ण.'

ती मला भेटायला आली. उरणच्या बाजूने रोज एस.टी.ने येणारी, दुसऱ्या महाविद्यालयातून त्याच वर्षी आमच्याकडे आलेली मुलगी. फार बोलणारी नव्हती. "मॅडम, प्रश्नात 'प्रत्येकी' असं नाहीये," एवढेच ती म्हणाली.

मी म्हणाले, "प्रश्नातून काय अपेक्षित आहे ते समजायला हवं. बाकी सगळ्यांना समजलं ना?"

त्याच आठवड्यात दुसऱ्या वर्गात मी रोलाँ बार्थच्या १९६७च्या निबंधावर बोलले होते. लेखकाचा हेतू हा अर्थाचा अंतिम पुरावा नव्हे, संहिता वाचकाच्या हाती गेली की लेखक बाजूला होतो वगैरे. आणि येथे मी स्वतः, आठ गुणांच्या एका वाक्याची लेखिका, माझा हेतू हाच अर्थ म्हणून एका वाचकावर लादत होते. वर बहुमताची साक्षही काढत होते.

बाकी सगळ्यांना का समजले होते? ती जास्त हुशार होती म्हणून चुकली आणि इतर कमी हुशार म्हणून बरोबर आले, असे मी म्हणणार नाही. त्यांतही चांगली मुले होती. त्यांना समजले याचे कारण ती वर्षभरापूर्वीही माझ्या वर्गात होती. माझ्या प्रश्नांची ठेवण त्यांना परिचित होती. 'अमुक व तमुक यांची दोन' म्हणजे मॅडमना चार हवे असतात, हे त्यांच्यात झिरपलेले होते. स्टॅन्ली फिशने वर्गातील संहितेवरच्या आपल्या १९८०च्या पुस्तकात वाचकसमूहाची कल्पना मांडली. अर्थ शब्दांत पडून नसतो. एकत्र वाचायला शिकलेल्या माणसांच्या सवयीत असतो. ही कल्पना मी अनेक वर्षे शिकवते. पण समूहात नव्याने आलेल्या माणसाचे काय होते, हे त्या मुलीने मला दाखवले होते आणि मी पाहिले नव्हते. ती समूहाची सवय घेऊन आली नव्हती. तिने फक्त शब्द वाचले, नीट वाचले आणि त्या शब्दांतून मला सुचले नव्हते असे चांगले काही काढले. आम्ही त्याला चूक म्हटले.

कविता आणि पत्ता यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. पत्त्याला अभिधा पुरते. व्यंजना तेथे अपघात ठरते. कवितेत एका शब्दाचे दोन अर्थ एकत्र नांदले तर ती तिची श्रीमंती आणि आनंदवर्धनापासून आपण त्या श्रीमंतीचे हिशेब मांडत आलो आहोत. पण प्रश्नपत्रिका कोणत्या बाजूची? ती कवितेवर असली तरी कविता नसते. ती नियमाचा मजकूर आहे. तिच्यावर कोणाचे तरी काही अवलंबून असते. आम्ही मात्र तिला कवितेची मोकळीक देतो आणि तपासताना पत्त्याचा काटेकोरपणा लावतो. संदिग्ध लिहिण्याचा हक्क आमचा आणि एकच अर्थ काढण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांची.

त्या मुलीने तृतीय वर्षाला मराठी घेतले नाही, इतिहास घेतला. त्याचे कारण माझे तीन गुण होते असे मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही आणि विचारण्याचे धैर्य मी केले नाही. इतिहासाला एक चांगली वाचक मिळाली, एवढे खरे. मला तेव्हा एक वाक्य बोलता आले असते : "प्रश्न मी नीट लिहिला नव्हता." गुण दुरुस्त करण्याची मुदतही शिल्लक होती.

मे महिन्याच्या त्या दुपारी तो मुलगा "मग तसं लिहायला हवं होतं" म्हणून आत गेला तेव्हा मला ही मुलगी आठवली. आणि तिच्या मागे, वाड्यात नव्याने आलेली, माझ्याकडून 'बोलिंग अ‍ॅव्हरेज'वर फसलेली ती दुसरी मुलगी. तिघेही नवे होते. तिघांनीही समोर लिहिलेले होते तेच वाचले. आणि तिघांनाही 'हे सगळ्यांनाच माहीत असतं' असे सांगण्यात आले. त्यांतल्या दोघींना माझ्याच तोंडून.

माझ्या निकालातली आणखी एक गोष्ट मला नंतर खटकली. माझा मुलगा माझ्याकडे 'किंवा'चा अर्थ विचारायला आला नव्हता. त्याच्या फायद्याचा अर्थ कोणता हे त्याला ठाऊक होते आणि त्याला साक्षीदार हवा होता. संध्याकाळी वडाळे तलावाकडे फिरायला गेलो तेव्हा मी त्याला विचारले, "तो पत्ता त्याच्या हातात असता आणि प्राणी तुझा असता, तर तू काय म्हणाला असतास?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी पण 'दोनांपैकी एक' म्हणालो असतो." आणि थोड्या वेळाने, "पण तो बरोबर नसता." हे त्याचे उत्तर मला माझ्या निकालापेक्षा बरे वाटले. अर्थ आपल्या बाजूचा आहे हे एक आणि तो बरोबर आहे हे दुसरे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, पण त्या वेगळ्या तपासाव्या लागतात.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून एक वही केली. डाव मांडण्याआधी, कोणाच्या हाती काय येणार हे ठरलेले नसताना, शंका येईल असा पत्ता मोठ्याने वाचायचा आणि त्याचा मराठी अर्थ वहीत लिहायचा. दोघांनाही एकच अर्थ लागला पाहिजे. नाही लागला तर मामाला फोन. पहिल्या पानावर मित्राच्या अक्षरात लिहिले आहे : 'पॅसिफिझम — अटॅकपण नाही आणि ब्लॉकपण नाही.' 'पण' दोनदा आले आहे आणि दोन्ही ठिकाणी खाली रेघ मारलेली आहे.

त्या आठवड्यात मी प्रश्नपेढीतले माझे प्रश्न पुन्हा वाचायला काढले. आमच्या विभागाबाहेरच्या, ग्रंथालयात काम करणाऱ्या एका सहकारी बाईंना ते दाखवले आणि म्हणाले, "मला काय म्हणायचं आहे ते सांगत नाही. तुम्हाला काय समजतं ते सांगा." बत्तीस प्रश्नांपैकी सात प्रश्नांवर त्या थांबल्या. त्या सातांत 'सासू व सून' हा प्रश्नही होता. इतकी वर्षे मी तो तसाच पुढे चालवत आणला होता.

मी 'दोन'च्या आधी 'प्रत्येकी' लिहिले. मग ते खोडले आणि त्याऐवजी लिहिले : 'दोघींच्याही स्वभावात आढळणारी दोन.'